‘विंडोज उडालं’, ‘पेनड्राइव्ह घेईना’: हे नेमक्या इंग्रजीत कसं सांगायचं?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार. खानापूर तालुका, दहावीपर्यंत मराठी शाळा, आता कॉम्प्युटर सायन्स डिप्लोमाचं शेवटचं सेमिस्टर. टेक्निकल सपोर्टच्या जागांसाठी मुलाखती जवळ आल्या आहेत.

विषय येतो. अडतं ते बोलताना. मशीनला काय झालंय असं इंग्रजीत विचारलं की ‘नॉट वर्किंग’ किंवा ‘प्रॉब्लेम इज देअर’ यापुढे गाडी जात नाही. मराठीत तीच गोष्ट मी दहा प्रकारे सांगू शकते. प्रगत शब्दांच्या याद्या पाठ केल्यात: रोबस्ट, स्केलेबल, रिडंडंट, डेप्रिकेटेड, लेटन्सी. अर्थ विचारला तर सांगता येतो, पण वाक्यात कुठे बसवायचे ते कळत नाही.

तर विचारायचं असं की, बिघाड सांगताना कुठले शब्द वापरावेत? जवळजवळ सारख्या वाटणाऱ्या शब्दांतला फरक कसा ओळखायचा? आणि उच्चारात आपल्या भागातल्या मुलांचं हमखास काय चुकतं?

---

टिळकवाडी_हेल्पडेस्क

ताई, तुमच्या अडचणीचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: मराठीत दहा प्रकारे सांगता येतं. मराठीत आपण उडणे, घेणे, बंद होणे, मारणे अशा चार-पाच क्रियापदांवर सगळा कारभार चालवतो आणि ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीत त्या प्रत्येक संदर्भाला वेगळं क्रियापद आहे. यादीतली विशेषणं नंतर बघा, आधी ही क्रियापदं धरा.

उडणे. ‘विंडोज उडालं’ म्हणजे सिस्टिमच्या फाइली खराब झाल्या आणि मशीन सुरू होत नाही: ‘द ऑपरेटिंग सिस्टिम इज करप्टेड, द मशीन वोन्ट बूट’. ‘डेटा उडाला’ यात मात्र तीन वेगळ्या गोष्टी लपल्यात. चुकून पुसला असेल तर डिलीटेड. अख्खी ड्राइव्ह रिकामी केली असेल तर वाइप्ड. फाइल दिसते पण उघडत नाही तर करप्टेड. हा फरक कामाचा आहे, कारण पुढची कृती त्यावर ठरते. हार्ड डिस्कवर डिलीट केलेल्या फाइलची फक्त नोंद जाते आणि ती जागा मोकळी म्हणून धरली जाते. तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फाइल बऱ्याचदा रिकव्हर होते. म्हणून त्या डिस्कवर काहीही कॉपी करू नका असं ग्राहकाला लगेच सांगायचं. एसएसडीवर ट्रिम (पुसलेली जागा ड्राइव्हने स्वतःच साफ करायची सोय) चालू असेल तर अशी आशा फार कमी.

‘मदरबोर्ड उडाला’ याला बोलताना ‘फ्राइड’ चालतं. लेखी रिपोर्टमध्ये ‘फेल्ड’, आणि कारण माहीत असेल तर ‘डॅमेज्ड बाय अ पॉवर सर्ज’ लिहा. सर्ज म्हणजे व्होल्टेज अचानक चढणं, ब्राउनआउट म्हणजे उतरणं (दिवे मंद होतात तसं) आणि आउटेज म्हणजे सरळ लाइट जाणं. फ्यूज ‘ब्लो’ होतो, पण एमसीबी ‘ट्रिप’ होतो. उलटं बोलू नये.

घेईना. हा आपला सगळ्यात सोयीचा शब्द आणि इंग्रजीत सगळ्यात जास्त फुटणारा. ‘पेनड्राइव्ह घेईना’ म्हणजे नक्की काय? लावला तरी डिस्क मॅनेजमेंटमध्येसुद्धा दिसत नाही, तर ‘द ड्राइव्ह इज नॉट डिटेक्टेड’. तिथे दिसतो पण उघडायला गेलं की फॉरमॅट मागतो, तर ‘इट इज डिटेक्टेड बट नॉट रीडेबल’. पहिल्या वाक्यावर ऐकणारा पोर्ट, केबल, सर्किट तपासायला सांगेल, दुसऱ्यावर फाइल सिस्टिम. पासवर्ड घेईना: ‘इट रिजेक्ट्स द पासवर्ड’. पासवर्ड बऱ्याचदा चुकल्यामुळे खातंच अडकलं तर ‘आय ॲम लॉक्ड आउट’. प्रिंटर कागद घेईना: ‘इट इज नॉट फीडिंग पेपर’, बहुतेक वेळा पिकअप रोलर गुळगुळीत झालेला असतो. कागद आत अडकला तर तो ‘पेपर जॅम’, ती वेगळी तक्रार.

लॅपटॉप चार्ज घेईना यातही दोन वाक्यं आहेत. ‘इट वोन्ट चार्ज’ म्हणजे ॲडॅप्टर, केबल किंवा जॅककडे बघा. ‘द बॅटरी डझन्ट होल्ड अ चार्ज’ म्हणजे चार्ज होते पण टिकत नाही, बॅटरी म्हातारी झाली. एका शब्दाच्या फरकाने ग्राहकाचा ॲडॅप्टरचा खर्च वाचतो.

बंद. खिडकी आणि फाइल ‘क्लोज’ करतात, कॉम्प्युटर ‘शट डाउन’, मॉनिटर ‘टर्न ऑफ’, एखादी सोय ‘डिसेबल’, खातं ‘डिॲक्टिव्हेट’. अडकलेला प्रोग्राम जबरदस्तीने बंद करणं म्हणजे ‘फोर्स क्विट’ किंवा ‘एंड द टास्क’. कंपनीने मॉडेल बनवणं बंद केलं तर ‘डिसकंटिन्यूड’. सर्व्हर बंद पडला तर ‘द सर्व्हर इज डाउन’. ‘क्लोज द कॉम्प्युटर’ हे थेट मराठीतून उचललेलं वाक्य, ते पूर्ण सोडून द्या.

हँग. ‘द सिस्टिम गॉट हँग्ड’ म्हणू नका. ‘हँग्ड’ हे रूप फाशी देण्यासाठी आहे. मशीनसाठी ‘हंग’ किंवा त्याहून बरं ‘फ्रोझ’. माउस हलतो पण एकच प्रोग्राम अडकलाय, तर ‘द ॲप्लिकेशन इज नॉट रिस्पॉन्डिंग’. प्रोग्राम स्वतःहून मिटला तर ‘क्रॅश्ड’. चालतंय पण रडतखडत, तर ‘स्लगिश’.

फॉरमॅट मारणे. फॉरमॅट ड्राइव्हचं होतं, कॉम्प्युटरचं नाही. पूर्ण काम असं सांगा: ‘आय बॅक्ड अप द डेटा, वाइप्ड द ड्राइव्ह अँड रीइन्स्टॉल्ड विंडोज’. तीन क्रियापदं, तीन पायऱ्या, आणि बॅकअप पहिला घेतला हेही समोरच्याला कळलं.

शेवटचं एक: आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात. मुलाखतीत सीपीयू म्हणजे फक्त प्रोसेसर. डब्याला ‘केस’ किंवा ‘टॉवर’ म्हणा, आणि एसएमपीएसला ‘पॉवर सप्लाय’. फोनची ‘मेमरी फुल’ हेही तसंच. तिथे ‘स्टोरेज’ म्हणायचं. मेमरी म्हणजे रॅम, जी लाइट गेली की रिकामी होते. तिच्या या स्वभावाला शब्द आहे ‘व्होलाटाइल’.

---

चिकोडी_नेटवर्क

वरचं उत्तर पूर्ण आहे, मी फक्त जोड्यांबद्दल लिहितो. सारख्या शब्दांतला फरक व्याख्या घोकून डोक्यात राहत नाही, एका चित्रात बसवला की राहतो.

गळीत हंगामातला साखर कारखाना डोळ्यांसमोर आणा. दिवसाला जास्तीत जास्त किती टन गाळता येईल ती बँडविड्थ. आज प्रत्यक्षात किती गाळला ते थ्रूपुट. एक ट्रॅक्टर गेटवर आल्यापासून त्याचा ऊस गव्हाणीत पडेपर्यंत गेलेला वेळ म्हणजे लेटन्सी. वजनकाटा एकच असेल आणि तिथे रांग लागली असेल, तर काटा हा बॉटलनेक आणि रांग म्हणजे कंजेशन. मिलचे रोलर कितीही मोठे बसवले तरी काटा दुसरा येईपर्यंत थ्रूपुट वाढत नाही. नेटवर्कमध्येही हेच होतं: जुना राउटर तसाच ठेवून मोठा प्लॅन घेतला की वेग तोच राहतो.

आता या शब्दांचे सोबती. लेटन्सी ‘हाय’ किंवा ‘लो’ असते, ‘स्लो’ नसते. ती ‘रिड्यूस’ करतात आणि मिलिसेकंदात मोजतात. बँडविड्थ ‘कंझ्यूम’ होते. भूस्थिर उपग्रहावरचं इंटरनेट घ्या. उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. सिग्नल वर जाऊन खाली येणार, उत्तरही त्याच वाटेने परतणार. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा यात जवळपास अर्धा सेकंद जातो. फाइल भरभर उतरेल, पण फोनवर दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतील. ‘हाय बँडविड्थ, हाय लेटन्सी’ हे वाक्य इथे अचूक बसतं. पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) येण्यातला उशीर सारखा कमी-जास्त होत असेल तर त्याला जिटर म्हणतात. आवाज तुटक येणं, म्हणजे ‘चॉपी ऑडिओ’, बऱ्याचदा त्यामुळे असतं.

मेगाबिट आणि मेगाबाइट यांचीही सरमिसळ होते. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरणार. ग्राहक ‘शंभरचा प्लॅन, बाराच येतंय’ म्हणाला तर बिघाड नाही, एकक वेगळं आहे.

डेप्रिकेटेड आणि डिप्रीशिएटेड यांत घोळ नको. दुसरा शब्द हिशेबातल्या घसाऱ्याचा. डेप्रिकेटेड म्हणजे अजून चालतं, पण नव्या कामात वापरू नका, पुढे काढणार आहोत. सी भाषेतलं ‘गेट्स’ हे फंक्शन आधी डेप्रिकेटेड झालं आणि २०११ च्या मानकातून काढून टाकलं. कारण साधं: किती अक्षरं वाचायची याची मर्यादाच त्याला देता येत नाही, दिलेल्या जागेबाहेर ते खुशाल लिहितं. लॅबमध्ये ते वापरायची सवय असेल तर मुलाखतीत ‘एफगेट्स’ म्हणा. लेगसी म्हणजे जुनं पण रोजच्या कामात असलेलं. ऑब्सोलीट म्हणजे कालबाह्य. एंड ऑफ सपोर्ट म्हणजे चालतं, पण सुरक्षेचे पॅच येणं थांबलं. विंडोज १० ला ती तारीख होती १४ ऑक्टोबर २०२५.

ऑथेंटिकेशन: तू कोण? ऑथोरायझेशन: तुला परवानगी आहे का? वेबवर ४०१ क्रमांकाच्या एररचं नाव ‘अनऑथोराइज्ड’ आहे, पण तिचा खरा अर्थ ओळख पटली नाही असा. ओळख पटली, परवानगी नाही, त्यासाठी ४०३. नावामुळेच अनेकजण इथे फसतात.

पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवतात असं उत्तर देऊ नका. एन्क्रिप्ट केलेलं किल्लीने परत उघडता येतं. पासवर्ड हॅश करतात (त्यावरून एकमार्गी ठसा काढतात), तेही सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला जोडलेली वेगळी अक्षरं) घालून, आणि हॅश उलटा फिरवता येत नाही. एन्कोडिंग म्हणजे डेटाचं फक्त रूप बदलणं, यात गुप्तता नसतेच.

---

उद्यमबाग_सीएनसी

रिडंडंट आणि रोबस्ट राहिलेत म्हणून लिहितो. शिवाय बेळगावात राहून मशीन शॉपचे शब्द न येणं बरं नाही. इथल्या कारखान्यांत कंट्रोलर, ड्राइव्ह, नेटवर्क सांभाळणारी माणसंही लागतात आणि मुलाखतीत हे विचारतात.

रिडंडंट रोजच्या इंग्रजीत ‘अनावश्यक’, तंत्रज्ञानात मात्र ‘मुद्दाम ठेवलेलं जादा’. दोन पॉवर सप्लाय, एक गेला तर दुसरा सांभाळतो. रेड १ (अनेक डिस्क एकत्र वापरायची एक पद्धत) मध्ये दोन डिस्कवर तोच डेटा. पण एक फाइल चुकून पुसली तर ती दोन्हीकडून जाते, म्हणून रिडंडन्सी म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य स्वतःहून बोललात तर तुम्हाला विषय कळलाय हे समोरच्याला दिसतं.

रोबस्ट म्हणजे चुकीचं इनपुट आलं तरी न कोसळणारं. स्केलेबल म्हणजे लोड वाढल्यावर साधनं वाढवून काम त्याच गतीने चालणारं. दोन्ही शब्दांमागे ‘कशाविरुद्ध’ आणि ‘किती’ हे सांगितलं नाही तर ते पोकळ वाजतात.

ॲक्युरेट (खऱ्या मापाच्या जवळ) आणि प्रिसाइज (दरवेळी जवळजवळ तेच माप) एकच नाहीत. माप हवंय २०.०० मिलिमीटर, टॉलरन्स कमी-जास्त ०.०२. चार नग आले २०.०६, २०.०६, २०.०५, २०.०६. मशीन प्रिसाइज आहे, ॲक्युरेट नाही. टूल ऑफसेट (हत्याराच्या जागेची मशीनला दिलेली दुरुस्ती) सुधारला की काम झालं. आता दुसरे चार: १९.९६, २०.०५, २०.०१, १९.९८. सरासरी बरोबर २०.०० येते, पण प्रिसिजन नाही आणि ऑफसेट कितीही फिरवा, उपयोग नाही. बॅकलॅश (स्क्रू-गिअरमधली ढिलाई), ढिली पकड किंवा बेअरिंग तपासावं लागतं. स्क्रीनवर ०.००१ दिसतं ते रेझोल्यूशन. तेवढ्या अचूकतेने मशीन माप धरतंच असं नाही.

मशीन थांबून राहिलं तो वेळ डाउनटाइम. जुन्या मशीनला नवा कंट्रोलर बसवणं म्हणजे रेट्रोफिट.

---

निपाणी_इंग्रजी_शिक्षिका

बाळा, उच्चाराचं मी सांगते.

‘कॅशे’ नव्हे, कॅश. पैशाच्या कॅशसारखाच. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ लपवणे, आणि कॅशे असा उच्चार असलेला इंग्रजी शब्द वेगळा आहे, त्याचा अर्थ प्रतिष्ठा. ‘आर्चिव्ह’ नव्हे, आर्काइव्ह. ‘स्केमा’ नव्हे, स्कीमा. ऑफिस ‘सूट’ नव्हे, ऑफिस स्वीट. ‘प्स्यूडो’ नव्हे, स्यूडो.

आघात, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा ते, जास्त महत्त्वाचा, कारण मराठीत आणि कन्नडमध्ये आपण शब्द सपाट बोलतो. डेव्हलप नाही, डि-व्हे-लप. पॅरामीटर नाही, प-रॅ-मिटर. कंपोनंट नाही, कं-पो-नंट. तिन्हींत आघात दुसऱ्या तुकड्यावर. अपडेट आणि अपग्रेड नाम असतील तर आघात ‘अप’वर, क्रियापद असतील तर शेवटी.

आपल्या ‘व’मध्ये इंग्रजीचे दोन ध्वनी मिसळतात. वायरस असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वायर ऐकू येते. व्हायरस, व्होल्टेज, व्हल्नरेबल यांत वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. वायर, वेब, वर्कअराउंड यांत ओठ गोल, दात दूर.

आणि सॉफ्टवेअर्स, हार्डवेअर्स, इक्विपमेंट्स, इन्फर्मेशन्स ही रूपं नाहीत. अनेकवचन हवं तर ‘टू पीसेस ऑफ सॉफ्टवेअर’ किंवा सरळ ‘टू प्रोग्राम्स’. प्रोग्रामचा कोड लिहिला तोही ‘कोड’च, कितीही पानं असोत.

‘बग’ (मूळ अर्थ किडा) कुठून आला असं कुणी विचारलं तर पतंगाची, म्हणजे दिव्याभोवती फिरणाऱ्या किड्याची, गोष्ट अर्धीच सांगू नकोस. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्ड मार्क २ या जुन्या कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला, हे खरं. पण दोषासाठी बग हा शब्द एडिसनच्या १८७८ च्या पत्रात आहे. मार्क २ वाल्यांनी ‘प्रत्यक्ष बग सापडला’ असं लिहिलं, ते शब्द आधीपासून चालू होता म्हणूनच.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. सरावासाठी एक बिघाड कल्पून लिहिलंय, तपासाल का?

‘द सिस्टिम फ्रीझेस आफ्टर ट्वेंटी मिनिट्स. द फॅन वॉज फुल ऑफ डस्ट. द प्रोसेसर वॉज ओव्हरहीटिंग. आय क्लीन्ड द फॅन अँड अप्लाइड न्यू थर्मल पेस्ट. नाउ द प्रॉब्लेम इज सॉल्व्ह्ड.’

---

टिळकवाडी_हेल्पडेस्क

व्याकरण बरोबर आहे. मुलाखत घेणारा दोन ठिकाणी थांबवेल.

पहिलं, ‘ओव्हरहीटिंग’ कशावरून? प्रोसेसर तापला की आधी स्वतःची गती कमी करतो, त्याला ‘थर्मल थ्रॉटलिंग’ म्हणतात, आणि फारच तापला तर मशीन झटकन बंद होतं. नुसतं फ्रीझ होणं रॅम किंवा डिस्कमुळेही असतं. म्हणून पुरावा जोडा: ‘अंडर लोड, द टेम्परेचर क्लाइम्ड टू नाइन्टी-फाइव्ह डिग्रीज अँड द क्लॉक स्पीड ड्रॉप्ड’. दुसरं, ‘सॉल्व्ह्ड’ कशावरून? त्याच परिस्थितीत पुन्हा चालवून बघितलं का? ते वाक्य असं: ‘आय रॅन द सेम लोड फॉर टू अवर्स अँड कुड नॉट रिप्रोड्यूस द फ्रीझ’. रिप्रोड्यूस म्हणजे बिघाड मुद्दाम पुन्हा घडवून आणणं. अधूनमधून, नेम नसलेला बिघाड असेल तर ‘इंटरमिटंट’. तुमचा ठरावीक वेळाने येतो, म्हणून ‘कन्सिस्टंटली’ घाला.

शब्दांत दोनच बदल. ‘फुल ऑफ डस्ट’ऐवजी ‘क्लॉग्ड विथ डस्ट’, आणि फॅनबरोबर ‘हीट सिंक’ म्हणा, कारण धूळ खरी त्याच्या पात्यांत साचते. साफ कसं केलं असं विचारतीलच: फॅन बोटाने धरून ठेवायचा आणि मग हवा मारायची, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी वाटाण्याएवढी मधोमध. ‘स्प्रेड’ करायची गरज नसते, हीट सिंक दाबून बसवला की ती पसरते. बसवण्याला शब्द ‘सीट’, आणि रॅम काढून परत नीट बसवली तर ‘रीसीट’.

दोन्ही वाक्यं जोडून पुन्हा लिहा आणि इथेच टाका. पुढचा बिघाड प्रिंटरचा घ्या, त्यात ‘घेईना’ची सगळी रूपं येतात.